एक मणका जास्त

उजव्या पायातली चप्पल निघून पडली आणि मला कळलंच नाही. बोईसरच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन मी चांगली वीस पावलं पुढे गेलो होतो. मागून एक भाजीवाली ओरडली, "ओ काका, चप्पल ऱ्हायली तुमची!" खाली पाहतो तर उजवा पाय अनवाणी. परत जाऊन चप्पल घातली, चार पावलांवर पुन्हा निघाली. माझी बायको सुनंदा हसायला लागली. "आता चप्पलसुद्धा कंटाळली तुम्हाला," म्हणाली. मीही हसलो. त्यानंतर बरेच दिवस आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसलो नाही.

मी माने. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. गाव साताऱ्याकडचं, पण चोवीस वर्षं बोईसरजवळ सालवडला राहतोय. ज्यांच्या हातात मणक्याचा रिपोर्ट आहे आणि त्यातलं अक्षरही कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला आजही सगळं कळलंय असं नाही. काही गोष्टी तर ऑपरेशननंतर जास्तच कळेनाशा झाल्यात. तेव्हा इथे कुणी शहाणपण शोधू नये. माझ्या हातून एक मूर्खपणा झाला, तेवढा वाचावा आणि टाळावा.

पाच की सहा

बोईसरच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला खोलीतल्या खोलीत टाचांवर चालायला लावलं. डावा पाय नीट टाचेवर उभा राहिला. उजवा फटकन फरशीवर आपटला. "पुन्हा," डॉक्टर म्हणाले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते सरळ कागदावर लिहायला लागले. 

कंबर माझी दहा वर्षं दुखत होती. शिड्या चढणाऱ्या माणसाची दुखायचीच, असं धरून मी पट्टा बांधून काम करत होतो. एमआरआयचा रिपोर्ट आला. कमरेतला चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलाय, पायाकडे जाणारी नस चिमटलीय. नस मोकळी करायची आणि स्क्रू घालून मणका पक्का करायचा.

"पाय पहिल्यासारखा उचलेल ना?" सुनंदाने विचारलं.

"लवकर केलं तर शक्यता चांगली. जितका उशीर, तितकी कमी."

पाय उचलला नाही तर शिडी नाही, आणि शिडी नाही तर माझ्या कामात मी कुणीच नाही. डॉक्टर पुढे बरंच बोलले, पण माझ्या कानात तेवढंच राहिलं.

सुनंदाने ठरवलं की दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय माझ्या पाठीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. आम्ही पालघरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तीच फिल्म दिव्यावर लावली, पेनाच्या टोकाने बराच वेळ मोजत राहिले आणि म्हणाले, "हा पाचवा आणि सहावा आहे."

"डॉक्टर, कमरेत पाचच असतात ना?" एवढं मी मोबाईलवर वाचलं होतं.

"तुम्हाला सहा दिसतायत. असतात काही जणांना."

रिक्षात बसल्यावर सुनंदा म्हणाली, "तरीच एवढे ताठ वागता." एरवी मी तिला उलटं उत्तर दिलं असतं. पण माझ्या मांडीवर एका प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद होते. एकावर चौथा-पाचवा, दुसऱ्यावर पाचवा-सहावा. पाठ एकच, फिल्म एकच.

ज्याने कारखान्यात काम केलंय त्याला माझी भीती लगेच कळेल. आमच्याकडे एकदा सहा पंपांची रांग होती. ड्रॉइंगवर मोजणी एका टोकाकडून, कामगारांच्या तोंडी दुसऱ्या टोकाकडून. एका फिटरने दोन नंबरचा पंप म्हणून भलताच, चालू पंप उघडला. नशिबाने आत नुसतं पाणी होतं, बिचारा भिजण्यावर सुटला. माझ्या पाठीत पाणी नव्हतं. माझा दोन नंबर कुणी कुठल्या टोकाकडून मोजेल, या एकाच विचाराने माझं डोकं पोखरलं.

पडद्यावरचं हाड

हायवेच्या कडेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरवर बघून मणक्याचं ऑपरेशन करतात असं कळलं. तिथे आमच्याबरोबर दामू आला. दामू जवळच्याच कुंभवलीचा. सतरा वर्षं आम्ही जोडीने काम करतोय. तो बाहेर पाइपांजवळ यंत्रापाशी उभा राहतो, मी आत कंट्रोल रूममध्ये पडद्यापुढे बसतो. तो वॉकीटॉकीवर सांगतो, "आता दाबलं." मी पडद्यावर आकडा हललेला पाहून सांगतो, "दिसलं." बाहेर माणूस उभा केल्याशिवाय पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण. झडप बंद असताना "उघडी" दाखवणारे पडदे मी पाहिलेत.

तिथल्या सर्जन बाई होत्या, पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी समजावलं. टेबलावरच पाठीचा स्कॅन काढायचा. मणक्याला एक छोटा स्टँड पक्का बसवायचा, त्यावर चकाकणारे गोळे. कॅमेरा ते गोळे बघतो, आणि बाईंच्या हातातलं हत्यार हाडात नेमकं कुठे आहे ते पडद्यावर दिसतं.

"आणि त्या स्टँडला कुणाचा धक्का लागला तर?" मी विचारलं.

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तर पडदा चुकीचं दाखवेल. म्हणून मी मध्ये मध्ये ओळखीच्या हाडाला टोक लावून बघते, पडद्यावर तिथेच दिसतंय का ते."

"म्हंजे आमचंच काम हाय ह्ये," दामू म्हणाला. मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत टेकून बसलो. मग लगेच दुसरा प्रश्न विचारला, तो विचारला नसता तर बरं झालं असतं.

"मणका पाचवा की सहावा, ते मशीनच सांगेल ना?"

"नाही. मशीन जागा दाखवतं. नंबर आम्ही माणसंच मोजतो."

त्या पुढे म्हणाल्या की मानेपासून खालपर्यंत पूर्ण पाठीचे फोटो काढू, वरून मोजू, टेबलावर पुन्हा मोजू. शहाण्या माणसाचं एवढ्याने समाधान झालं असतं. माझं झालं नाही. मोजणारी माणसं दोन झाली आणि आकडे दोन निघाले, हे मी पिशवीत घेऊन फिरत होतो. आता तिसरं माणूस मोजणार होतं.

तीन बाण

ज्या दिवशी दाखल व्हायचं होतं, त्या सकाळी सुनंदा हॉस्पिटलात लागणारं सामान आणायला बाजारात गेली होती. पहिली पाळी सोडून दामू मला सोडायला आला होता, पाठीवर त्याची नेहमीची हत्यारांची पिशवी.

कारखान्यात कुठलीही लाइन उघडायच्या आधी नेमक्या जागेवर टॅग बांधतात. कोण उघडणार, काय उघडणार, तारीख, सही. टॅग बांधला की मोजायची गरज उरत नाही. मला वाटलं, आपल्याला का नाही? जिथे दाबलं की कळ पायात जाते, तीच जागा. मी पालथा झोपलो आणि दामूला म्हटलं, "तुझा पेंट मार्कर काढ."

"लिवतो," दामू म्हणाला, "पन हा रंग पायपाचा हाय दादा, आंगाचा नाय."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. लिही."

त्याने बाण काढला. खाली मी सांगितल्याप्रमाणे तारीख लिहिली आणि 'हाच' असं लिहिलं. मग मी उभा राहिलो, सुनंदाचा छोटा आरसा धरून कपाटाच्या आरशात पाठ पाहिली. बाण सरकलेला. झोपून पाहिलं तर दोन बोटं खाली. उभं राहिलं की कातडी वर, झोपलं की खाली, आणि हाड आपलं आतल्या आत जागच्या जागी. चुकीचा टॅग तर टॅग नसण्यापेक्षा वाईट. दुसरा बाण काढायला लावला. तोही सरकला. तिसरा काढला तेव्हा मलाच कळेना, त्यातला खरा कुठला. 

"पूस सगळं," मी म्हटलं. "थिनर काढ."

"तेलानं पुसू या. थिनर जाळतो."

"रोज हाताला लावतोच ना आपण? काढ म्हणतो तर काढ."

दामूने चिंधी भिजवून पुसलं. तेवढ्यात गाडी दाराशी आली, मागोमाग सुनंदा. तिला हा तमाशा दिसू नये म्हणून मी ओल्या कमरेवरच पट्टा घट्ट आवळला आणि वरून शर्ट घातला. दोन तास गाडीत बसलो. कमरेची आग आग होत होती. मी समजलो, नस आहे, नेहमीचीच.

दामू आम्हाला सोडून दुपारच्या पाळीला परतला. वॉर्डात सिस्टरने पट्टा सोडला आणि "अगं बाई!" एवढंच म्हणाली. सुनंदा बघायला पुढे आली आणि तिथेच थांबली. तळहाताएवढ्या जागेत फोड आले होते, मधूनमधून पांढरा रंग. सर्जन बाईंना बोलावलं.

"हे कोणी केलं?"

"मित्राने," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. चिंधी दामूच्याच हातात होती. हा एक शब्द मी किती सहज बोललो, ते आठवलं की अजूनही मला माझीच लाज वाटते.

"फोड आलेल्या कातडीतून मी स्क्रू घालणार नाही," बाई म्हणाल्या. "जंतू आत गेले तर पायाचं सोडा, पाठ हातची जाईल. कातडी बरी होईपर्यंत थांबावं लागेल."

"आणि पाय?" सुनंदाने विचारलं.

"म्हणून तर चिडलेय मी."

सुनंदाने व्हरांड्यातून दामूला फोन लावला. दार उघडं होतं. "माणसाचं अंग आहे की पाइप, एवढं कळत नाही का दामूभाऊ तुम्हाला?" ती बोलत होती आणि रडत होती. पलीकडून दामू काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. 'दादांनीच सांगितलं' एवढं एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. तो बोलला नाही. त्या दिवसापासून तो आमच्या घरी यायचाही बंद झाला.

बारा दिवस

बारा दिवस घरी थांबलो. रोज सकाळी पलंगावर बसून मी उजव्या अंगठ्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, उचल. आधी निदान तांदळाच्या दाण्याएवढा उचलायचा. आठव्या दिवशी तोही थांबला. मी सुनंदाला हाक मारली नाही. तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तिला कळलं.

हे बारा दिवस नसते तर अंगठा थांबला नसता का? का तो थांबणारच होता? मी बाईंना फोनवर विचारलं. "सांगता येणार नाही," म्हणाल्या. पुढच्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की कुणी दुसरं काही बोललं असतं तर दचकलो असतो.

ऑपरेशनच्या दिवशी मला टेबलावर घेतलं तेव्हा तो पडदा पाहिला. अजून रिकामा होता. शेजारी उंच दांड्यावर कॅमेरा. बाई आत आल्या, तोंडावर मास्क, तरी आवाजावरून ओळखलं. त्यांनी हातातल्या फोटोवर माझ्यासमोर वरून खाली मोजून दाखवलं. छातीचे बारा, मग खाली एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. "सरकलेला हा, पाचवा. पहिल्या रिपोर्टमध्ये यालाच चौथा म्हटलाय, पण त्यांनी पाचच धरून खालून मोजलं की कमरेतला सगळ्यात वरचा छातीत धरला, ते मला कागदावरून कळत नाही. एवढं नक्की, दोघंही याच हाडाबद्दल बोलत होते. हाड एकच आहे, माने."

मला हसावं का रडावं कळेना. मग पहिल्याच ठिकाणी ऑपरेशन केलं असतं तरी बरोबरच झालं असतं? की तिथे टेबलावर कुणी भलतंच मोजलं असतं? विचारायला तोंड उघडलं आणि भूल चढली.

शुद्ध आली तेव्हा कुणीतरी माझा पाय धरून म्हणत होतं, "हलवा." मी हलवला. "हलवा की काका." अहो, हलवतोय! मला आतून स्पष्ट कळत होतं की अंगठा वर गेला. मान उचलून पाहिलं तर तो जागचा हललेला नव्हता. इतका विचित्र गोंधळ मी आयुष्यात अनुभवला नाही. आपण हुकूम सोडतोय, आणि शरीर ऐकतच नाही.

तिथले दिवस सगळे सारखे. दर थोड्या वेळाने दोन माणसं येऊन चादरीसकट मला ओंडक्यासारखं कुशीवर वळवायची. बेडपॅन, त्याची लाज, मग लाजेचा कंटाळा. सकाळी झाडलोट करायला जव्हारकडची एक मावशी यायची. तिचं काम नव्हतं, तरी ती गरम पाण्यात फडकं पिळून माझे दोन्ही पाय पुसायची, उजवा जरा जास्त वेळ. "पाय हाय ना जागेवर? मंग येल तो," म्हणायची. कुठल्याही डॉक्टरने मला एवढ्या ठामपणे काही सांगितलं नव्हतं. खरं होतं की नव्हतं कोण जाणे, पण मी तिची वाट बघायचो.

चौथ्या दिवशी तिसऱ्या बोटाने जरा हालचाल केली. अंगठ्याने नाही, तिसऱ्या बोटाने. मी कधी त्याला सांगितलंच नव्हतं.

नाक्यापर्यंत

ऑपरेशनला साडेतीन महिने झाले. स्क्रू नेमके बसलेत, कंबर पूर्वीइतकी दुखत नाही. पाय थोडा उचलतो. चालताना पाऊल वर धरून ठेवणारा स्प्लिंट लावावा लागतो, नाहीतर बोटं जमिनीला घासतात. पूर्ण येईल का? वर्षभर वाट बघा, म्हणतात. मला सध्या कंट्रोल रूममध्येच बसवलंय. बाहेर यंत्रापाशी दामू असतो, पण तो आता कामापुरतंच बोलतो आणि पाळी सुटली की मागच्या फाटकाने निघून जातो.

गेल्या रविवारी सुनंदा माझ्याकडून पायाचे व्यायाम करून घेत होती. जुनी ओढणी तळव्याखालून घेऊन ती ओढायची आणि मी विरुद्ध जोर लावायचा. मी एकदम बोलून गेलो, "थिनर मी लावायला सांगितलं होतं. दामू नको म्हणत होता."

तिने ओढणी सोडली नाही. "पाच झाले. आणखी पाच."

"ऐकलंस का?"

"चोवीस वर्षं तुमचे शर्ट धुतेय. डाग दिसला की थिनर कोण शोधतं, मला माहीत नाही? आणि दामूभाऊंनी तुम्हाला विचारल्याशिवाय कधी साधा नट तरी फिरवलाय?"

मी जोर लावायचा थांबलो. "मग त्याला का बोललीस एवढं?"

आता तिचे हात थांबले. "तुम्हाला बोलले असते तर तुम्ही अंथरुणातून उठलाच नसता. कुणाला तरी बोलायचंच होतं मला. त्यांचे दोन्ही पाय धड होते."

तिच्यावर चिडावं की तिच्या पाया पडावं, मला कळेना. "नंतर तरी सांगायचंस त्याला," मी म्हटलं.

"मी सांगून काय उपयोग? ते तुमच्या तोंडून यायला हवं होतं. चांगले चार महिने लावलेत." तिने स्वतः स्प्लिंट बांधला, जरा जास्तच घट्ट. "उठा. नाक्यापर्यंत चालत जायचं, पुढे रिक्षा. मीही येतेय. मलाही त्यांची माफी मागायचीय."

कुंभवलीला दामू ओट्यावरच बसला होता. आम्हाला पाहून उभा राहिला. माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलंच नाही, पायाकडे पाहिलं. मी अंगणातूनच बोलायला सुरुवात केली, कारण बसल्यावर धीर झाला नसता. रंगाचा हट्ट माझा, थिनरचाही माझाच, डॉक्टरांपुढे तुझं नाव पुढे केलं तेही मीच. सुनंदा म्हणाली, "आणि मी काय काय बोलले ते माझ्या ध्यानात आहे, भाऊ. चुकले मी."

दामू अजून माझ्या पायाकडेच बघत होता. मग म्हणाला, "तुमी सांगितलं खरं. पन हात माजा होता ना, दादा. मला रोज वाटतं, तुमचा पाय मीच घालवला." आणि हा सतरा वर्षांचा जोडीदार लुंगीच्या टोकाने डोळे पुसायला लागला.

चूक माझीच होती, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं. पाय का गेला, हे मात्र आजही दिसत नाही. या दोन गोष्टी एकच आहेत की वेगळ्या, ते कुणी सांगेल का मला?

"वर या," दामू म्हणाला. ओट्याला एकच पायरी, पण उंच. मी उजवा पाय उचलला. बोटं पायरीच्या काठाला अडकली. दामूचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. माझ्या अंगाला हात लावावा की नाही, ते त्याला कळत नव्हतं.

"धर," मी म्हटलं.